नववा अंक

घरात माझं नाव शुद्धिपत्र. खरं नाव दुसरं आहे, पण ते आता फक्त बँकेला ठाऊक. पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची यादी एका चिठोऱ्यावर छापून आत चिकटवतात ना, ते शुद्धिपत्र. बाइंडर म्हणून अशी हजारो चिठोरी मी स्वतःच्या हातांनी चिकटवली आहेत, पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. कादंबरीवरून काढलेला सिनेमा बघायला गेलं की मी शेजारच्याच्या कानात सांगत राहते, "पुस्तकात असं नाहीये." एकदा मध्यंतरापर्यंत मी सदतीस चुका मोजल्या, आणि मध्यंतरात पुढच्या रांगेतले तिघं उठून दुसरीकडे जाऊन बसले. सिनेमा चुकीचा होता, त्याला मी काय करणार?

माझी मतं साधी आहेत. जाड कादंबरी दोन तासांत बसवायची म्हणजे आठशे पानांना दोनशे पानांचा पुठ्ठा चढवणं. कुठून तरी उसवणारच. पुस्तकातल्या गुप्तहेराचं नाक वाकडं असेल तर पडद्यावर ते सरळ होतं, आणि वर त्याला एक गाणं मिळतं. चित्रकथेचे तर हाल कुत्रं खात नाही. चौकटीतल्या माणसाकडे आपण हवं तितका वेळ बघू शकतो. पडद्यावरचा मेला थांबतच नाही. पुस्तकापेक्षा सरस झालेला एक सिनेमा मी आयुष्यात पाहिलाय. कुठला ते सांगणार नाही.

या सगळ्या मतांचा पाया एकच पुस्तक, 'गच्चीवरचा कंदील'. बावन्न वर्षांपूर्वी ही चित्रकथा रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर सुट्या अंकांतून यायची. एक अंक म्हणजे घडी घातलेला एक मोठा कागद, आठ पानांचा. असे चोवीस अंक. आमचे बाबा आणि आई दोघंही बाइंडर. आई शिलाई करायची, बाबा पुठ्ठे चढवायचे. बाबांचा घरात एक कडक नियम होता: सुटं वाचायचं नाही. सुटे कागद मळतात, दुमडतात, हरवतात. बांधून झालं की काय तो धुडगूस घाला. त्यामुळे आजूबाजूची पोरं दर रविवारी 'कंदील'वर तुटून पडायची, आणि मी नि माझा धाकटा भाऊ कुलूपबंद कपाटाकडे बघत बसायचो. शाळेत कुणी गोष्ट सांगायला लागलं की कानांत बोटं घालायची, अशी आम्ही शपथ घेतली होती. चोविसावा अंक आला, आईनं सगळे शिवले, बाबांनी निळं कापड चढवलं, आणि सात वर्षांच्या मला आणि चार वर्षांच्या त्याला ते पुस्तक मिळालं. तोवर बाकीच्या पोरांचे अंक रद्दीत गेले होते. 'कंदील' पुन्हा कधी छापलाच नाही.

गोष्ट अशी. एका उंच इमारतीच्या गच्चीवर एक म्हातारा कारागीर राहतो, त्याला सगळे वस्ताद म्हणतात. त्यानं सांभाळलेली एक पोर आहे. दोघं मिळून माणसाला घेऊन उडणारा भलामोठा कापडी फुगा शिवतात. पोर फुग्यात बसून दूर जाते, आणि तिला घर सापडावं म्हणून वस्ताद गच्चीवर कंदील लावून बसतो. पहिल्याच प्रवासात ती वादळात सापडते, आणि पान उलटावं तर थेट घरी टेबलाशी बसून न्याहारी करताना दिसते. परत कशी आली, एक चित्र नाही! शेवटी एका धुक्याच्या पहाटे ती लांबच्या प्रवासाला निघते. वस्ताद गारठलेला असतो, म्हणून आपला ठिगळं लावलेला कोट त्याच्या खांद्यांवर टाकते आणि धुक्यात दिसेनाशी होते. आणि मग शेवटची आठ पानं: फुगा खाली उतरतो, पोर कोऱ्या, बिनठिगळाच्या कोटात गच्चीवर पाय ठेवते, वस्ताद कंदील वर धरतो. "उशीर केलास," तो म्हणतो. "वारा उलटा होता," ती म्हणते. संपलं.

या पुस्तकावर मी आयुष्यभर बोलत आलेय. परतीचा पहिला प्रवास न दाखवण्याला मी 'वाचकावरचा विश्वास' म्हणायचे. नवा कोट म्हणजे मधे कितीतरी वर्षं गेली, हे मी भल्याभल्यांना समजावलंय. मग वस्ताद तसाच कसा, म्हातारा का झाला नाही, असं एकानं वाचकांच्या बैठकीत विचारलं, तेव्हा मी ठासून सांगितलं, "वाट बघणारा माणूस म्हातारा होत नाही." दोघींनी ते वहीत उतरवून घेतलं.

भावाची मुलगी याच पुस्तकावर वाढली. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी कधी टिकली नाही. टिकली ती फक्त माझ्या कारखान्यातल्या कागदाच्या ढिगावर, 'कंदील' पोटाशी घेऊन. मोठी होऊन ती सिनेमात गेली. तिचा पहिला मोठा सिनेमा कुठला, हे सांगायला नकोच. तीन वर्षं ती त्यात बुडाली होती. माझं निळं पुस्तक शूटिंगच्या जागी उघडं ठेवून एकेक चौकट तिनं त्यातून उचलली. पटकथेतल्या चार चुका मी काढून दिल्या, तिनं निमूट सुधारल्या. पुस्तकाबरहुकूम सिनेमा जगात पहिल्यांदाच निघतोय, असं मी गिऱ्हाइकांना न विचारता सांगत होते.

आता एकच गोष्ट उरली होती. 'कंदील' लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या चित्रकारबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात, पण नजर दाभणासारखी. त्यांनी परवानगी देताना भिंगरीला बजावलं होतं, "मला गोष्ट सांगू नकोस, ती मीच लिहिलीय. झाल्यावर बघीन. माझी वाटली तर नाव ठेव, नाही वाटली तर काढ." थिएटरवाले तयार झाले होते ते बाईंच्या नावावर. नाव गेलं तर तीन वर्षांची मेहनत डब्यात. शुक्रवारी दुपारी बाईंसाठी खास खेळ होता.

मंगळवारी भिंगरी कारखान्यात आली ती नाचतच.

"आत्या, बाईंच्या बहिणीच्या माळ्यावर 'कंदील'चे सगळे अंक सापडले! बाईंकडेसुद्धा अख्खा संच नव्हता. त्यांनी बांधून मागितलेत, शुक्रवारच्या आत. आणि सांगितलंय, तुझ्या त्या खडूस आत्याकडूनच हवेत."

"खडूस कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले होते. त्यांनी फक्त लक्षात ठेवलं."

ती गेल्यावर मी हात धुतले, टेबल पुसलं आणि गठ्ठा सोडला. प्रत्येक अंकाच्या तळाशी, अगदी कडेला, बारीक आकडा छापलेला होता. माझ्या निळ्या पुस्तकात असा आकडा कुठेच नाही, कारण शिलाईनंतर पुस्तकाच्या तिन्ही कडा कापतात, त्यात तो गेला असणार. मी आकड्यांनुसार अंक लावत गेले. सात, आठ. आठव्यात वादळ. नववा उचलला आणि हात थांबला. नवव्यात फुगा खाली उतरत होता. पोर कोऱ्या कोटात गच्चीवर पाय ठेवत होती. "उशीर केलास." "वारा उलटा होता."

छापखान्याची चूक, मी मनात म्हटलं. आकडा चुकला असणार. घाईघाईनं चोविसावा काढला. त्यात धुकं, ठिगळांचा कोट, आणि शेवटच्या चौकटीत गच्चीवर एकटा वस्ताद, हातात कंदील. चौकटीखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: समाप्त. माझ्या पुस्तकात ती जागा कोरी आहे. आजवर तिथला खरखरीतपणा मला कागदाचाच वाटत होता.

तरी मी निळं पुस्तक खिडकीशी नेलं आणि शेवटच्या आठ पानांचा तळ भिंगाखाली धरला. तो कागद बाकीच्यांपेक्षा केसभर वर बसला होता. काठावर कापून उरलेलं एका आकड्याचं डोकं दिसत होतं, गोल. ते नवाचं होतं.

म्हणजे 'वाचकावरचा विश्वास' नव्हता, मधला अंकच जागेवर नव्हता. कोट नवा नव्हता, जुन्याला अजून ठिगळं लागायची होती. वस्ताद म्हातारा झाला नाही, कारण ती पानं धुक्याच्या पहाटेच्या कितीतरी आधीची होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजणारी मी, आणि माझं मूळ पुस्तकच चुकीचं. खरं सांगते, मला रडू आलं. आणि मग भिंगरी आठवली, आणि रडू पळालं.

आई कारखान्याच्या मागच्या खोलीत दोऱ्याला मेण लावत बसली होती. ब्याऐंशीची आहे, शिलाई आता होत नाही, पण मेण दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. मी निळं पुस्तक आणि सुटे अंक तिच्यापुढे ठेवले.

"आई, ही शिलाई तुझी ना?"

"मग काय तुझ्या बाबांची? त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता."

"नववा अंक शेवटी गेलाय."

"गेला नाही. मी ठेवलाय."

तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मी म्हटलं, "अगं, आकडे दिसत होते ना तुला?"

"दिसत होते की. दर रविवारी तुम्ही झोपलात की मीच वाचायचे. तुमच्या बाबांचा नियम तुम्हा दोघांना होता, मला नव्हता. चोविसावा वाचला आणि डोकंच फिरलं माझं. तो म्हातारा बसलाय कंदील घेऊन, आणि म्हणे समाप्त! तुम्ही पोरं ते पुस्तक उशाशी घेऊन झोपणार. म्हटलं, कशाला? परत येण्याची पानं मधे होतीच, ती मागं नेली. ते 'समाप्त' ब्लेडनं खरवडलं."

"कुणाला बोलली नाहीस?"

"विचारलंत कधी?"

आमच्या घरातली पहिली दिग्दर्शक ही, आणि मी बाहेर जाऊन बाकीच्यांशी भांडत होते. मी तिला शुक्रवारचं सांगितलं. बाई बघणार, नाव काढणार, पोरीचे तीन वर्षांचे कष्ट मातीत. तेव्हा मात्र आईच्या हातातला दोरा थांबला. म्हणाली, "मग बाईंचंही तसंच बांध. नववा मागं लाव आणि आकडे कापून टाक. ऐंशीच्या झाल्यात. त्यांना काय आठवतंय?"

"तू ब्याऐंशीची आहेस. तुला सगळं आठवतंय."

खोटं का बोलू, मी कटिंग मशीनपर्यंत जाऊन आले. हँडल एकदा ओढलं की झालं असतं. पण ज्या बाईनं ही पोर, हा वस्ताद, हा कंदील काढला, तिलाच तिची गोष्ट उलटी बांधून द्यायची? अंक परत टेबलावर ठेवले आणि भिंगरीला बोलावून घेतलं.

तिनं नववा आणि चोविसावा, दोन्ही अंक वाचले. मग कागदाच्या त्याच ढिगावर बसली, लहानपणी बसायची तशी.

"पटकथेत चार चुका काढल्यास तू," ती म्हणाली. "पाचवी राहिली होय?"

मी तिला जवळ घेतलं तर तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण हसत होती. आणि थोड्या वेळानं खरंच रडली.

"आता बदलायला वेळ नाही, आत्या. आणि मला बदलायचंही नाही. त्यांना बघू दे, मग आपण सांगू."

"मी सांगते," दारातून आई म्हणाली. "केलंय मी, तुम्ही दोघी कशाला तोंड वेंगाडताय?"

शुक्रवारी तीस खुर्च्यांच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही चौघीच होतो. बाई मधल्या रांगेत, श्रवणयंत्र नीट बसवून. माझ्या मांडीवर त्यांचे न बांधलेले अंक. दिलेल्या दिवशी काम तयार नाही, असं आमच्या कारखान्यात कधी घडलं नव्हतं. सिनेमा सुरू झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कानात काही बोलले नाही.

सांगायला हरकत नाही, सिनेमा सुंदर होता. चौकटीत थांबलेला वस्ताद इथे हलत होता, आणि त्याचं हलणं मला खटकलं नाही. वादळानंतर एकदम न्याहारीचं टेबल आलं, तेव्हा बाईंनी मान किंचित तिरकी केली. धुक्याची पहाट आली, कोट वस्तादाच्या खांद्यांवर पडला, आणि बाई खुर्चीत सैलावल्या. आता संपलं, अशा बसल्या. मग धुकं फाटलं आणि फुगा खाली यायला लागला. बाई पुढे वाकल्या. शेवटपर्यंत तशाच वाकून बसल्या होत्या.

दिवे लागले.

"हा कोट," बाई म्हणाल्या, "माझ्या नवव्या अंकातला आहे."

भिंगरीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच आई काठी टेकत उभी राहिली.

"अहो बाई, ते मी केलं. बावन्न वर्षांपूर्वी. पोरीचा काही दोष नाही, तिला आम्ही दिलं तेच पुस्तक तिनं वाचलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. रविवार, कपाट, ब्लेड, काहीही न लपवता. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ती परत येत नाही," बाई म्हणाल्या. "ती जाते आणि तो वाट बघतो. माझा शेवट बरोबर आहे."

"बरोबर असेल हो, मी कुठे नाही म्हणते? पण पुस्तक मिटलं तरी तो बसलेलाच राहायचा. मला बघवेना. मी तुमची एक रेघसुद्धा बदलली नाही. तुमचीच पानं, जरा मागं नेली."

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्ही म्हणे सिनेमांच्या चुका मोजता. या सिनेमात किती?"

भिंगरी माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी गोड बोलावं असं फार वाटलं, पण मला ते जमत नाही.

"एकच," मी म्हटलं. "पण मोठी. तुमचा शेवट मी या तीन दिवसांत अकरा वेळा वाचला, बाई. तोच खरा आहे. पण बावन्न वर्षं मी दुसऱ्या शेवटावर जगलेय. बाबा गेले तेव्हा ती शेवटची आठ पानं वाचून मला झोप लागली होती. ती चूक आहे हे कळलं, तरी मला ती सोडवत नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मलाही आवडला," त्या म्हणाल्या. "त्याचाच राग आलाय. मी काढलेली पोर माझ्याच चित्रांतून घरी आली, आणि मला बावन्न वर्षं पत्ता नाही." मग भिंगरीला म्हणाल्या, "नाव राहू दे. चित्रं माझी आहेत, एकेक चौकट ओळखली मी. फक्त माझ्या नावाखाली एक ओळ घाल: शेवट यांचा." त्यांनी आईकडे बोट केलं.

"अगं बाई, शेवटबिवट नको," आई म्हणाली. "शिलाई लिहा. लोकांना वाटेल फुगा मी शिवला."

भिंगरीनं एकदम मला मिठी मारली, मग आजीला, आणि बाईंना मारू की नको अशी अडखळून उभी राहिली. बाईंनीच हात पुढे केला. मी मोठ्यानं नाक शिंकरलं.

"आणि माझं पुस्तक?" बाईंनी माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "बांधलं का नाही?"

"नववा कुठे लावायचा, ते तुम्हाला विचारल्याशिवाय हात चालेना."

बाईंनी गठ्ठा घेतला, नववा अंक काढला, पुढे धरला, मागे धरला.

"तेवीस शिवा," त्या म्हणाल्या. "हा सुटा राहू दे."

"सुटा?" माझ्या तोंडून बाबाच बोलले. "अहो, सुटा हरवतो!"

"मी हरवू देणार नाही."

शनिवार-रविवारी मी ते पुस्तक बांधलं. कडा कापल्या नाहीत, आकडे राहू दिले. आठव्या आणि दहाव्याच्या मधे एक अंक मावेल इतकी जागा सोडली, आणि तशीच शेवटीही. न शिवलेला कागद गिऱ्हाइकाच्या हातात देण्याची ही माझी पहिलीच वेळ. सोमवारी द्यायला गेले तेव्हा बाईंनी शिलाई ओढून पाहिली, पुठ्ठा दाबून पाहिला, मान हलवली. मग नववा अंक उचलला, जरा विचार केला आणि शेवटच्या पानामागे सरकवला.

"आजच्यापुरता," त्या म्हणाल्या.